हॅलोवीन एन्ड्स : मायकेलपेक्षा त्या गावाबद्दल

रातवा | रविवार, १६ ऑक्टोबर २०२२

(रसभंगाचा इशारा : शेवटासकट सगळं लिहिलं आहे. पाहायचा असेल तर आधी पाहून या, धागा कुठे पळत नाही.)

शुक्रवारी रात्री थेटरात पाहिला. आज रविवार, अजून डोक्यातून जात नाही. आमच्या पिक्चरवाल्या व्हॉट्सॅप ग्रुपवर शनिवार सकाळपासून नुसते शिव्याशाप चालू आहेत. चव्वेचाळीस वर्षांची माती केली, मालिकेतला मुखवटेवाला खुनी मायकेल कुठाय, हा नवा कोरी कोण उपटला. मी तिथे दोनदा लिहायला घेतलं आणि पुसलं. चार ओळींत मावणारं नाही, म्हणून इथे लिहितोय.

मला हा पिक्चर आवडला. पूर्ण नाही. पण पहिला तास-सव्वा तास इतका आवडला, की त्यापुढे जे झालं ते मनाला लागलं.

आधी माझं आणि या मालिकेचं नातं सांगतो, म्हणजे मी कुठून बोलतोय ते कळेल. पहिला हॅलोवीन मी पाहिला १९९१ च्या मे महिन्यात, मिरजेला मामाकडे. व्हीसीआर एका रात्रीसाठी भाड्यानं आणायचा आणि पैसे वसूल व्हावेत म्हणून उजाडेपर्यंत बघत बसायचं, तो काळ. तीन कॅसेट हिंदी होत्या. चौथी दुकानदारानं वरून दिलेली, लेबलवर बॉलपेननं ‘हॅलो विन’ असं दोन शब्दांत लिहिलेलं. ती लावली तेव्हा दोन वाजून गेले होते आणि मामा घोरत होता. मी आणि मामेभाऊ दोघंच जागे. इंग्रजी काडीचं कळत नव्हतं आणि कळायची गरजही पडली नाही. एक शाळकरी पोरगी, दुपारचा रस्ता, कुंपणाशी कुणीतरी उभं. परत बघितलं तर नाही. पोरगी घरी येते, खिडकीतून खाली बघते, तर वाळत घातलेल्या कपड्यांच्या मध्ये तो उभा. परत बघितलं तर नाही.

तोवर आम्ही पाहिलेल्या हिंदी भुतांना वाडा लागायचा, वादळ लागायचं, दाराची करकर लागायची. भूत येणार हे आधी कळायचं आणि कळलं की निम्मी भीती जायची. हा माणूस भरदिवसा, धुण्याच्या दोरीपाशी, काहीही न करता उभा होता. दुसऱ्या दिवशी मामीनं परसात चादरी वाळत घातल्या आणि चिमटे आणायला मला पाठवलं. मी गेलो नाही. का नाही ते सांगितलंही नाही.

त्यानंतर इकडे अमेरिकेत आल्यावर सगळे भाग पाहिले, काही पाच-सहा वेळा. एन्ड्स धरून तेरा झाले. त्यातला १९८२ चा तिसरा भाग मायकेलशिवायचा. बाकीच्यांत त्याला बहीण दिली, भाची दिली, त्याच्यामागे एक शापित पंथ लावला, लहानपणीचं दुःख दिलं. प्रत्येक वेळी तो थोडा थोडा समजत गेला आणि तेवढा तेवढा लहान होत गेला. १९७८ च्या पिक्चरमध्ये श्रेयनामावलीत मुखवट्यातल्या त्याला नावसुद्धा नाही, ‘द शेप’ एवढंच आहे. आकार. निक कॅसल नावाचा, दिग्दर्शक जॉन कारपेंटरचा कॉलेजातला मित्र दिवसाला पंचवीस डॉलरवर तो मुखवटा घालून चालला. मुखवटाही दुकानातला, दोन डॉलरच्या आतला, स्टार ट्रेकमधल्या कॅप्टन कर्कच्या चेहऱ्याचा. भुवया काढल्या, डोळ्यांची भोकं मोठी केली, पांढरा रंग मारला. त्या कोऱ्या चेहऱ्यावर बघणाऱ्यानं आपलं काय ते टाकायचं, हीच त्याची ताकद होती.

दिग्दर्शक डेव्हिड गॉर्डन ग्रीननं २०१८ मध्ये मधलं सगळं पुसलं आणि थेट १९७८ ला पुढचा भाग जोडला. बहिणीचं नातंही गेलं. मायकेलनं लॉरीला, म्हणजे पहिल्या पिक्चरमधल्या त्या शाळकरी पोरीला, निवडलं ते का, याचं उत्तर पुन्हा ‘काही नाही’ झालं. मला तेव्हा फार बरं वाटलं होतं. २०२१ चा हॅलोवीन किल्स अनेकांना नुसता रक्ताचा चिखल वाटला. त्यात इस्पितळातला जमाव एका निरपराध माणसाला मायकेल समजून मरेस्तोवर पळवतो, तो प्रसंग मी विसरलो नव्हतो. ग्रीनला गावाबद्दल काहीतरी सांगायचंय असं मला तेव्हापासून वाटत होतं. एन्ड्समध्ये तो ते सांगतो.

सुरुवात २०१९ च्या हॅलोवीनच्या रात्री. कोरी नावाचा एकवीस वर्षांचा सरळ, जरा बुजरा मुलगा एका श्रीमंत घरी जेरेमी नावाच्या पोराला सांभाळायला आलाय. पोरगा आगाऊ आहे. तो कोरीला माळ्यावरच्या खोलीत कोंडतो आणि बाहेरून चिडवतो. कोरी घाबरून दाराला लाथा घालतो. दार उघडतं ते पोराला लागून, आणि पोर कठड्यावरून खाली, थेट खालच्या फरशीवर. त्याच क्षणी आईबाप दारातून आत येतात. वर कोरी उभा, हातात सुरी, कारण तो घरात चोर शिरला समजून सुरी घेऊन फिरत होता. थेटरात माझ्या शेजारच्या बाईंनी ‘ओह नो’ म्हणून तोंडावर हात ठेवला आणि तो बराच वेळ तसाच होता. मायकेलचा पत्ता नाही, कुणी कुणाला मारलेलं नाही. साऱ्या मालिकेतला हा सर्वांत भयंकर मृत्यू आहे असं माझं मत झालंय.

कोरी कायद्यानं सुटतो. गाव सोडत नाही. तीन वर्षांनी तो सावत्र बापाच्या भंगारच्या आवारात काम करतो आणि शाळकरी पोरंसुद्धा त्याला रस्त्यात अडवून ‘बाळ मारणारा’ म्हणतात.

इथे मला आमच्या गावचे एक रिक्षावाले काका आठवले. नाव लिहीत नाही. आम्ही आठ-नऊ पोरं त्यांच्या रिक्षानं शाळेत जायचो, दप्तरं बाहेर आकड्याला लटकवलेली. एका पावसाळ्यात वळणावर एक मुलगा बाहेर पडला आणि मागून ट्रक येत होता. काकांची चूक नाही असंच शेवटी निघालं. पण त्यानंतर एकाही घरानं आपलं पोर त्यांच्याकडे दिलं नाही, आमच्याही नाही. त्यांनी रिक्षाची सीट नवी करून घेतली, बाजूला लोखंडी दांडा बसवला, आडव्या जाळ्या लावल्या, आणि रोज सकाळी सव्वासहाला चौकात येऊन उभे राहायचे. रिकामे. आम्ही पोरं दुसऱ्या रिक्षातून त्यांच्यासमोरून जायचो, आणि आमच्यातले काही त्यांना हाका मारायचे. काय हाका ते लिहवत नाही. त्यांत माझा आवाज होता की नव्हता हे मला आता आठवत नाही, आणि न आठवणं मला सोपं जात नाही.

पडद्यावर कोरीला पुलावरून ढकलून देणारी पोरं बघताना मला तो चौक दिसत होता.

ग्रीनचं म्हणणं मला असं कळलं : मायकेल चार वर्षं गायब आहे, पण हॅडनफील्डला, म्हणजे गोष्टीतल्या त्या गावाला, भीती कुणावर तरी ठेवावीच लागते. ती लॉरीवर ठेवतात. दुकानाबाहेर एक बाई तिला गाठून सांगते, तू त्याला डिवचलंस म्हणून आमच्या घरात हे झालं. ती कोरीवर ठेवतात. ज्याच्यावर ठेवली तो कधीतरी ती खरी करून दाखवतो. खरा मायकेल तोवर गटाराच्या बोगद्यात म्हातारा, जखमी, श्वास घेत पडलेला आहे. ग्रुपवर सगळ्यांना हाच राग, की आमच्या मायकेलला असा पडलेला दाखवला. मला तो तसाच हवा होता. चार वर्षं त्याला कष्ट करायची गरजच पडली नाही, त्याचं काम गाव करत होतं.

आता खुपलं ते. कोरीचं बदलणं घाईत उरकलंय. बोगद्यात मायकेल त्याचा गळा धरतो, डोळ्यांत बघतो आणि सोडतो. ती नजर मला पटली. त्यापुढे दोन-तीन रात्रींत तो ज्या सफाईनं माणसं मारू लागतो ते पटलं नाही. लॉरीची नात ॲलिसन, तिचं त्याच्या प्रेमात पडणंही तसंच, भेट झाली आणि लगेच गाव सोडून पळायच्या गोष्टी. या दोघांना अजून वीस मिनिटं हवी होती. ती कुठून काढायची? रेडिओवाल्याच्या प्रसंगातून खुशाल काढा. तिथे जीभ कापून तबकडीवर टाकलीय, ती सुईला अडते आणि गाणं तिथेच अडखळत राहतं. क्लृप्ती म्हणून लक्षात राहते, पिक्चरला तिची गरज नव्हती.

सर्वांत मोठं दुखणं म्हणजे शेवटची वीसेक मिनिटं. कोरी लॉरीच्या घरात स्वतःच्या मानेत सुरी खुपसतो, ॲलिसनला वाटावं आजीनंच मारलं म्हणून. इथवर ठीक. मग मायकेल येतो, त्याची मान मोडतो, मुखवटा परत घेतो, आणि पिक्चर कोरीला विसरून जातो. जाहिरातीत लॉरी-मायकेलची झुंज कबूल केली होती, ती द्यायची वेळ झाली! स्वयंपाकघरातली झुंज चांगली आहे. ओट्यावर सुऱ्यांनी खिळलेला हात, पायांवर पाडलेला फ्रिज, शेवटी ॲलिसन धावत येते ते, सगळं जोरकस. लॉरी झालेली जेमी ली कर्टिस पहिल्या पिक्चरच्या वेळी एकोणीस वर्षांची होती, आता चौसष्टीला टेकली आहे. तिच्या हातांतली ती घाई, ते थकणं खरं वाटतं. पण ही झुंज दुसऱ्याच पिक्चरची आहे. दीड तास ज्याची गोष्ट सांगितली तो पोरगा बाजूच्या खोलीत मरून पडलाय आणि त्याच्याकडे कुणी वळूनही बघत नाही. त्याच्या गावानं जे केलं तेच पिक्चरनं केलं.

त्यानंतरचं मात्र पुन्हा जमलंय. मायकेलचं प्रेत गाडीच्या टपावर बांधतात, मागे पोलिसांच्या गाड्या, त्यामागे गावकरी, आणि सगळे जमून भंगारच्या आवारात जातात. रात्र, कुणी बोलत नाही, रडत नाही. अंत्ययात्रेत असतो तसा पायांचा आवाज. लॉरी त्याला स्वतः त्या पोलाद चिरडणाऱ्या यंत्रात ढकलते आणि सगळं गाव बघतं. लोकांना बघू दिलं, हे मला योग्य वाटलं. पुढच्या भागासाठी फट ठेवलेली नाही.

अगदी शेवटी रिकाम्या घराच्या चौकटी येतात, एकामागून एक. १९७८ चा पिक्चर असाच संपला होता, रिकाम्या खोल्या आणि त्यावर श्वासाचा आवाज. इथे श्वास नाही. टेबलावर नुसता मुखवटा.

तुम्हाला कसा वाटला? शिव्या घातल्या तरी चालतील, फक्त पूर्ण बघून घाला.

---

माणदेशी | रविवार, १६ ऑक्टोबर २०२२

रातवा, मनापासून लिहिलंय ते दिसतंय. पण मी तुमच्या ग्रुपवाल्यांच्या बाजूचा.

माझा मुद्दा साधा आहे. तीन भागांची गोष्ट आहे ना ही? मग तिसऱ्या भागात नवीन नायक आणायचा नाही. कोरी एवढा महत्त्वाचा होता तर २०१८ मध्ये तो कुठेतरी दिसायला हवा होता, निदान किल्समधल्या त्या जमावात तरी. लॉरीनं २०१८ मध्ये घराचा किल्ला केला होता, तळघरात सापळा लावला होता, चाळीस वर्षं त्या एका रात्रीची तयारी केली होती. किल्समध्ये तिची मुलगी कॅरन मारली गेली. त्यानंतर चार वर्षांनी ती आठवणींचं पुस्तक लिहितेय, हॅलोवीनला भोपळे कोरतेय, चेरीच्या बहराबद्दल बोलतेय. ही तीच बाई? मला ओळख पटेना.

आणि मायकेल. मला तो म्हातारा झाला याचा राग नाही. पण तो कोरीसोबत जोडीनं माणसं मारायला निघतो? जो चव्वेचाळीस वर्षं कुणाशी एक शब्द बोलला नाही त्याला जोडीदार? हे तुमच्याच ‘कोऱ्या चेहऱ्या’च्या मुद्द्याच्या विरुद्ध जात नाही का?

तिकिटाचे पैसे गेल्याचं दुःख नाही, मी घरी पीकॉक ॲपवर पाहिला. पण दहा वर्षांचा असल्यापासून ज्याची भीती बाळगली त्याला असं बघून दुःख झालं. बाकी रिक्षावाल्या काकांचं वाचून थांबलो. आमच्या गावीही असे एक होते, एस.टी.चे ड्रायव्हर.

---

रातवा | रविवार, १६ ऑक्टोबर २०२२

माणदेशी, जोडीदाराचा मुद्दा बिनतोड आहे. ते दोघं मिळून डॉक्टरच्या घरी जातात तो प्रसंग मलाही पटला नाही, वर लिहायचा राहिला. बोगद्यातल्या नजरेपाशीच थांबायला हवं होतं. मायकेलनं त्याला सोडलं ते का, हे आपल्याला कधीच कळायला नको होतं.

लॉरीबद्दल मात्र नाही पटत. किल्ला बांधून ती चाळीस वर्षं बसली आणि त्यात मुलगी गमावली, आधी मनानं, मग जिवानं. किल्ला कामाला आला नाही हे तिनं डोळ्यांनी पाहिलंय. त्यानंतर गावात घर घेऊन, पडदे उघडे ठेवून राहायचं तिनं ठरवलं. तिला ते नीट जमत नाहीय, भोपळे कोरतानाही तिचं लक्ष दाराकडे असतं. मला तर त्यात तीच लॉरी दिसली.

---

मृण्मयी_न | सोमवार, १७ ऑक्टोबर २०२२

मी असले पिक्चर बघत नाही. हा बघितला कारण माझी लेक सोळा वर्षांची आहे आणि तिनं हट्ट केला. ती शेजारच्या दोन घरी बेबीसिटिंग करते. जाताना आमच्या फ्रिजवर त्या घरचा पत्ता, आईबापांचे दोघांचे नंबर, मुलाला कशाची ॲलर्जी आहे ते आणि किती वाजता परत येणार ते लिहून ठेवायचं, हा माझा नियम. तिला तो फार जाचक वाटतो.

त्यामुळे सुरुवातीचा तो प्रसंग मी अर्धवट बघितला, अर्धा वेळ तिच्याकडे बघत होते. मला भीती मायकेलची वाटली नाही. रातवा म्हणतात तसंच, वाटली ती त्या दाराची. एक लाथ. एकवीस वर्षांचं पोर ते, आणि आयुष्य त्या जिन्यात संपलं दोघांचंही.

लॉरीबद्दल मला एक आवडलं. कोरीला पोरं त्रास देतात, त्याच्या हाताला काच लागते, तेव्हा पहिली धावते ती लॉरी. त्या पोरांच्या गाडीच्या टायरमध्ये सुरी घालते, त्याला दवाखान्यात नेते. गावात ज्या एका बाईला लोक घाबरतात तिलाच त्याचं दुखणं दिसतं. आणि पुढे त्याच्या डोळ्यांत काय आलंय तेही पहिल्यांदा तिलाच दिसतं. एखाद्याबद्दल कळवळा वाटणं आणि त्याची भीती वाटणं एकाच वेळी होऊ शकतं, ते कर्टिसबाईंनी चेहऱ्यावर फार छान आणलंय.

कोरीची आई मला कुणाला आठवून गेली ते सांगत नाही. असं गुदमरवणारं प्रेम करणाऱ्या आया आपल्याकडेही आहेत.

---

तबलजी | सोमवार, १७ ऑक्टोबर २०२२

धाग्यावर संगीताबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो.

त्या पियानोच्या तुकड्याचा ठेका मोजून बघा. दहा मात्रा भरतात. आपल्याला वाटतं झपताल, पण झपताल २-३-२-३ असा चालतो. हा ३-३-२-२ असा चालतो. दोन वेळा लांब पाऊल आणि मग दोन आखूड. कान तिसऱ्या लांब पावलाची वाट बघतो आणि पाऊल आधीच पडतं. दर आवर्तनात आपण जरासे पुढे ढकलले जातो. मी विद्यार्थ्यांना मात्रा मोजायला शिकवताना हा तुकडा वाजवून दाखवतो, त्यांना पिक्चर माहीत नसला तरी मान वर होते.

कारपेंटरचे वडील संगीताचे प्राध्यापक होते. लहानपणी त्यांनीच त्याला बाँगोवर हा पाच-चारचा ठेका शिकवला, हे कारपेंटरनं अनेक मुलाखतींत सांगितलंय. संगीताशिवाय तो पिक्चर एका स्टुडिओतल्या बाईंना दाखवला होता आणि त्यांना भीती अजिबात वाटली नाही, हेही तोच सांगतो. मग त्यानं तीन दिवसांत संगीत केलं.

एन्ड्सचं संगीत त्यानं मुलगा कोडी आणि डॅनियल डेव्हिस यांच्याबरोबर केलंय. यात मूळ तुकडा फार जपून वापरलाय आणि कोरीसाठी वेगळं, मऊ, जरा उदास सिंथेसायझर आहे. रातवा म्हणतात की पिक्चर कोरीला विसरला. संगीत विसरलेलं नाही. हेडफोन लावून पुन्हा ऐका.

अवांतर : सुरुवातीच्या निळ्या अक्षरांचं वळण १९८२ च्या तिसऱ्या भागाच्या शीर्षकाचं आहे. म्हणजे मायकेल नसलेल्या भागाचं. दिग्दर्शकानं पाटी लावूनच सांगितलं होतं, लोकांनी वाचली नाही.

---

माणदेशी | सोमवार, १७ ऑक्टोबर २०२२

तबलजी, पाटीचा मुद्दा मान्य. १९८२ ला पण लोक असेच चिडले होते आणि आज त्याच तिसऱ्या भागाचे चाहते आहेत. पण लोकांची नाराजी नुसती रातवांच्या ग्रुपपुरती नाही. पहिल्या तीन दिवसांत २०१८ च्या भागानं अमेरिकेत ७.६ कोटी डॉलर केले होते, किल्सनं ४.९ आणि यानं ४ कोटींच्या आसपास. बाहेर पडणाऱ्या प्रेक्षकांनी सिनेमास्कोरच्या पाहणीत ‘सी प्लस’ दिलाय. घरबसल्या दिसत होता हे कारण आहेच, पण तेच किल्सलाही लागू होतं.

---

नवशिका | मंगळवार, १८ ऑक्टोबर २०२२

मी या मालिकेतला एकही बघितलेला नाही. धागा वाचून बघावासा वाटतोय. कुठून सुरुवात करू? तेराच्या तेरा बघायला लागतील का? आणि हे हॅडनफील्ड खरं गाव आहे का?

---

रातवा | मंगळवार, १८ ऑक्टोबर २०२२

नवशिका, तेरा नकोत. १९७८, मग थेट २०१८, २०२१, २०२२. ही चारांची सलग गोष्ट आहे, बाकीचे या गोष्टीत झालेच नाहीत असं धरायचं. आवडलं तर १९८१ चा दुसरा भाग आणि १९९८ चा एच-ट्वेंटी बघा, वेगळी वाट म्हणून. १९८२ चा तिसरा स्वतंत्र आहे, कधीही बघा.

पिक्चरमधलं हॅडनफील्ड इलिनॉयमध्ये आहे आणि ते काल्पनिक आहे. चित्रीकरण कॅलिफोर्नियात, साउथ पॅसाडीनाच्या आसपास, तेही वसंतात. पानगळ दाखवायला कागदाची पानं रंगवून रस्त्यावर पसरायचे आणि शॉट झाला की पुन्हा गोळा करायचे, कारण पैसे नव्हते. सगळा पिक्चर तीन-सव्वातीन लाख डॉलरात झालाय. नीट बघितलंत तर मागची झाडं हिरवीगार दिसतील.

पण नाव खरं आहे. पिक्चरची सहलेखिका आणि निर्माती डेब्रा हिल आमच्या न्यू जर्सीतल्या हॅडनफील्डची. माझ्या घरापासून गाडीनं तासाभराच्या आत. मी काल संध्याकाळी तिथे जाऊन आलो, या धाग्यामुळेच. किंग्ज हायवे नावाचा मुख्य रस्ता, जुनी विटांची दुकानं, मध्येच एक डायनासोरचा पुतळा, कारण १८५८ मध्ये तिथे एका डायनासोरचा बऱ्यापैकी पूर्ण सांगाडा सापडला होता. गावाला त्याचाच अभिमान जास्त. आतल्या गल्ल्यांत मोठी झाडं, फुटपाथवर खरी वाळलेली पानं, दारोदार भोपळे. डेब्रा हिल २००५ मध्ये गेली. कथेतल्या पोरींचं एकमेकींशी बोलणं तिनं लिहिलेलं आहे, आणि त्या गल्लीतून चालताना मला ते बोलणं ऐकू येत होतं. शाळेतून घरी जाणाऱ्या तिघी. अजून काहीच झालेलं नाही.

---

मृण्मयी_न | मंगळवार, १८ ऑक्टोबर २०२२

माझी लेक नाही म्हणत असतानाही काल मी तिच्याबरोबर १९७८ चा बघितला. रक्त जवळजवळ नाहीच की त्यात! मला उगाच वाटायचं.

तिला एक प्रश्न पडलाय, तो इथे विचारते. लॉरी त्या रात्री मुलांना आधी बाहेर पाठवते, शेजाऱ्यांकडे जा म्हणून. स्वतः नंतर. ती सतरा वर्षांची आहे. ‘आई, तिनं आधी मुलांचं बघितलं, म्हणून ती वाचली का?’ मला सांगता आलं नाही.

---

रातवा | बुधवार, १९ ऑक्टोबर २०२२

मृण्मयीताई, मलाही नाही सांगता येणार. वाचते ती मायकेलचा डॉक्टर लूमिस वेळेवर पोचतो म्हणून. आणि त्याला ते घर सापडतं कशामुळे, तर दोन मुलं किंचाळत बाहेर पळत येताना त्याला रस्त्यावर दिसतात म्हणून. मी एवढ्या वेळा पाहून हे असं जोडलं नव्हतं. तुमच्या लेकीला सांगा, तिच्या प्रश्नामुळे आज रात्री तो प्रसंग मी पुन्हा लावणार आहे.

सोमवारी दिवाळी आहे, त्यामुळे उत्तरांना उशीर होईल. आमच्या गल्लीत आत्ता एका बाजूला आकाशकंदील आणि दुसऱ्या बाजूला अंगणात सांगाडे. आमच्या समोरच्या घरवाल्यांनी झाडाखाली एक पांढरा मुखवटा घातलेला पुतळा उभा केलाय. काहीच करत नाही तो, नुसता उभा. काल कचऱ्याचा डबा बाहेर ठेवायला गेलो तेव्हा मी दोनदा वळून बघितलं.